दोराला ढील का असते?

आमच्या शाळेची सहल २०२५ च्या डिसेंबरात सापुताऱ्यास न्यावयाची असे ठरले, तेव्हा पालकसभेत बसभाड्याचा आणि जेवणाचा प्रश्न निघेल अशी आमची समजूत होती. तो निघालाही आणि चटकन मिटला. परंतु सभा संपत आली असता उधन्याकडे यंत्रमागावर काम करणारे एक पालक मागच्या बाकावरून उठले. त्यांची मुलगी सातवीत आहे. ते म्हणाले, "गुरुजी, तिथं म्हणे दोरावरून माणूस दरीच्या या अंगाहून त्या अंगाला घसरत जातो. तो दोर ताणून बांधलेला असतो का ढिला सोडलेला?"

सभेत थोडी खसखस पिकली. आम्हांलाही प्रश्न गमतीचा वाटला आणि फारसा विचार न करता आम्ही उत्तर दिले, "ताणलेलाच असणार. ढिल्या दोरावर कोण बसेल?" ते गृहस्थ मात्र हसले नाहीत. "मग पोरीचं नाव लिहिण्याआधी मला विचार करावा लागेल," ते म्हणाले. "मागावर ताणा जास्त ओढला की धागा तुटतो. मी रोज बघतो."

खरे सांगावयाचे तर आम्ही निरुत्तर झालो. आम्ही कला शाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. दोराचे गणित आम्हांस कधी पडले नव्हते. परंतु सहलीचे प्रमुख आम्ही, आणि संमतिपत्रावर पालकांच्या सह्या घेणारेही आम्हीच. त्यातच त्या वर्षी महाराष्ट्रातून आलेली एक बातमी अनेकांच्या मनात ताजी होती. अशाच एका झिपलाइनच्या ठिकाणी एका तरुणीचा उंचावरून पडून मृत्यू झाला होता. आम्ही पालकांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत आम्ही जे शिकलो आणि पुढे सापुताऱ्यास जे घडले ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

झिपलाइन ही वस्तू मुळात अगदी साधी आहे. दोन उंच जागांमध्ये पोलादी तारांचा पीळ घातलेला दोर बांधतात. एक टोक जरा वर, दुसरे जरा खाली. दोरावर एक कप्पी बसवितात. कप्पीच्या खाली कमरेला व मांड्यांना आवळलेल्या रुंद पट्ट्यांच्या आधाराने माणूस लटकतो आणि उताराने पलीकडे जातो. इंजिन नाही, वीज नाही. उतार हेच काय ते इंजिन. हिमालयातील खोल दऱ्यांत नदीवर पूल नसेल तेथे लोक पिढ्यान्‌पिढ्या दोर आणि कप्पी यांच्या साहाय्याने नदी ओलांडीत आले आहेत. दोरावरून धान्य जाई, शेळ्या जात आणि शाळेची मुलेही जात. आपल्या सह्याद्रीत गिर्यारोहक मंडळी सुळक्यांच्या मध्ये दोर बांधून दरी पार करतात. तेव्हा दोरावरून दरी ओलांडण्यात नवे असे काही नाही. नवी आहे ती गंमत म्हणून ओलांडण्याची हौस, आणि तिचा उगम मोठा मनोरंजक आहे.

मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा एक लहानसा देश आहे. तेथे वर्षभर पाऊस पडणारी घनदाट अरण्ये आहेत. त्यांना पर्जन्यवने म्हणतात. अशा वनात झाडांचे शेंडे तीसचाळीस मीटर उंचीवर एकमेकांत मिसळून जणू दुसरी जमीनच तयार करतात. सूर्याचा प्रकाश त्या छतावर पडतो. खाली जमिनीपर्यंत शेकडा एकदोन भागच पोहोचतो. साहजिकच फुले, फळे, कीटक, पक्षी, माकडे या साऱ्यांचा संसार वर चालतो आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसतात ते नुसते बुंधे. ज्यांनी आंबोलीच्या किंवा गोव्यातील मोलेच्या रानात पावसाळ्यानंतर पाऊल टाकले आहे त्यांना याची थोडी कल्पना येईल. फांद्यांवर आमरीची फुले आहेत हे आपल्याला कळते ते खाली पडलेल्या पाकळ्यांवरून.

हे वरचे जग पाहावयाचे कसे? १९७० नंतरच्या दशकात डोनाल्ड पेरी या तरुण अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने कोस्टारिकेत एक युक्ती केली. आडव्या धनुष्यातून बाण मारून त्याने बारीक दोरी उंच फांदीवरून पलीकडे टाकली, तिला बांधून जाड दोर वर ओढला आणि त्या दोराने तो स्वतः वर चढला. पुढे तर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने उंच झाडांमध्ये दोरांचे जाळेच विणले. त्या जाळ्याच्या आधाराने अधांतरी लटकून तो तासन्‌तास फुलांवर येणाऱ्या माशा मोजीत बसे. १९८६ साली त्याने या अनुभवांवर पुस्तक लिहिले आणि १९९४ साली त्याच्याच कल्पनेतून तेथे शेंड्यांमधून संथपणे फिरणारा पाळणा सुरू झाला. याच सुमारास, १९९० नंतर, त्याच देशातील मोंतेवेर्दे येथे झाडाझाडांना बांधलेल्या दोरांवरून पर्यटकांना घसरत नेण्याचा व्यवसाय उभा राहिला. शास्त्रज्ञ दोरावर थांबण्यासाठी चढला होता. पर्यटक दोरावरून धावण्यासाठी चढू लागला. दहावीस वर्षांत ही हौस जगभर पसरली. संयुक्त अरब अमिरातीतील रास अल खैमा येथे २०१८ साली सुरू झालेली झिपलाइन तर अडीच किलोमीटरांहूनही लांब आहे.

या प्रसाराला मोठा हातभार लागला तो सहलीच्या जहाजांचा, ज्यांना क्रूझ म्हणतात. याविषयी आम्हांस माहिती मिळाली ती पुस्तकांतून नव्हे, तर घरातून. आमचे मूळ गाव गोव्यातील डिचोलीकडचे. गोव्यातील असंख्य घरांप्रमाणे आमच्या कुटुंबातही एक 'तारवटी' आहे. बोटीवर नोकरी करणाऱ्यास आमच्या कोंकणीत हा शब्द आहे. आमचा हा मावसभाऊ आठ वर्षे कॅरिबियन समुद्रातील क्रूझवर प्रवाशांच्या खोल्यांची व्यवस्था पाहत होता. पालकसभेच्या रात्रीच आम्ही त्याला फोन केला.

त्याने सांगितले ते असे. जहाज रात्रभर चालते आणि पहाटे एखाद्या बंदराला लागते. होंडुरासचे रोआतान, कोस्टारिकेचे लिमोन अशी त्या बंदरांची नावे. बेलीझ शहराजवळ समुद्र उथळ, म्हणून तेथे जहाज दूर नांगर टाकते व प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हे ऐकताना आम्हांला आजोबांची आठवण झाली. त्यांच्या काळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट मालवण-वेंगुर्ल्यास अशीच खोल पाण्यात उभी राहत असे आणि उतारू पडावातून हेलकावे खात किनारा गाठीत. असो. सायंकाळी जहाज पुन्हा सुटावयाचे, तेव्हा प्रवाशांच्या हाती सारा मिळून एक दिवस. एका दिवसात अरण्य पाहावयाचे तर पायी कसे पाहणार? म्हणून बंदरातून मोटारीने तासभर प्रवास, पट्टे-शिरस्त्राण चढविणे, आठदहा दोरांवरून घसरणे, भोजन आणि परत बंदर. आमचा भाऊ स्वतः कधी गेला नाही; प्रवासी किनाऱ्यावर असत तेव्हाच त्याच्या खोल्या आवरण्याची वेळ असे. सायंकाळी त्यांचे चिखलाने भरलेले बूट मात्र त्याच्या वाट्याला येत.

"रान कशें आशिल्लें, अशें विचारलें जाल्यार," तो हसत म्हणाला, "किती वेगाने गेलो तेवढेच सांगतात!"

दोर ढिला की ताणलेला, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्याजवळ नव्हते. त्यासाठी आम्ही आमच्या विज्ञानशिक्षकांकडे गेलो. त्यांनी व्याख्यान दिले नाही. शाळेच्या अंगणात सहा मीटर लांबीचा सुती दोर आणविला, मधोमध पाण्याने भरलेली दहा किलोची बादली टांगली आणि दहावीतील दोन धट्टेकट्टे विद्यार्थी दोन्ही टोकांना उभे केले. "बादली उचला आणि दोर सरळ करा," ते म्हणाले.

बादली सहज उचलली गेली. दोर मध्यभागी साठ सेंटिमीटर खाली झुकला होता, तोवर मुले गप्पा मारीत उभी होती. मग सरांनी ओढा म्हटले. झोक तीस सेंटिमीटरांवर आला तेव्हा गप्पा थांबल्या. पंधरावर आला तेव्हा दोघांचे चेहरे लाल झाले, पाय मातीत रुतले. त्यापुढे दोर हलेना. आणखी दोन मुले मदतीला आली. झोक थोडा कमी झाला, पण दोर काही सरळ होईना. शेवटी बादली हिंदकळून एका उत्साही विद्यार्थ्याची विजार भिजली आणि प्रयोग संपला.

कारण असे. बादलीचे वजन खालच्या दिशेने ओढते. तिला वर धरून ठेवणारी शक्ती दोरातूनच यावयास हवी. पण दोर ओढतो तो स्वतःच्या लांबीच्या दिशेने. तो जितका तिरका असेल तितका त्याच्या ओढीचा वरच्या दिशेचा वाटा मोठा. जितका आडवा, तितका तो वाटा लहान. म्हणून आडव्या दोराला तेच वजन पेलण्यासाठी कितीतरी अधिक जोराने ओढावे लागते. हिशेबच पाहा. साठ सेंटिमीटर झोक असताना प्रत्येक बाजूला सुमारे पंचवीस किलोचा ताण होता. झोक पंधरा सेंटिमीटर होताच तोच ताण शंभर किलो झाला. वजन तेवढेच, दहा किलो! झोक शून्य करावयाचा तर जगातील कोणतीही शक्ती पुरणार नाही.

आता बादलीच्या जागी साठ किलोचा माणूस आणि दोर शंभर मीटरांचा धरा. माणूस मधोमध असता दोर पाच मीटर झुकत असेल, तर त्याच्या वजनामुळे दोरात तीनशे किलोचा ताण येतो. हौसेने दोर ताणून झोक एका मीटरवर आणला, तर ताण दीड हजार किलो होतो. हा ताण नुसता दोराला नव्हे, तर दोन्ही टोकांच्या खांबांना, खिळ्यांना आणि झाडाला दोर बांधला असेल तर त्या झाडालाही सोसावा लागतो. म्हणून जाणते कारागीर दोराला मुद्दाम ढील ठेवतात. आमच्या मागावरच्या पालकांनी जे हाताने ओळखले होते तेच गणिताने सांगितले. सुरतेत राहून हे आम्हांस सुचू नये याचे नवल वाटले. उत्तरायणाच्या दिवशी गच्चीगच्चीवरून "ढील दे, ढील दे" असा पुकारा आपण ऐकतो, तो काय उगाच?

ढिलाईचा एक दुसरा परिणाम मात्र आम्ही त्या वेळी नीट ध्यानात घेतला नाही, आणि तो पुढे आमच्या अनुभवास यावयाचा होता. झुकलेल्या दोराला पोट असते. वरच्या टोकापासून पोटापर्यंत उतार आणि तेथून खालच्या टोकापर्यंत थोडा चढ. माणूस उतारावर वेग घेतो व त्या वेगाच्या जोरावर शेवटचा चढ चढतो. हा चढ म्हणजे निसर्गाने दिलेला ब्रेकच होय. दहा मीटर उतरलेला माणूस, वाटेत कसलाही अडथळा नसता, ताशी पन्नास किलोमीटरांच्या वेगाने टोकाला आदळला असता. प्रत्यक्षात वारा, कप्पीचे घर्षण आणि हा चढ त्याला आवरतात. उरलेला वेग टोकाजवळचे ब्रेक खातात.

वजनाचा प्रश्नही येथेच येतो. जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने खाली पडतात हे आपण शिकतो. पण ते हवा मध्ये नसेल तर. दोरावर बसलेल्या पंचवीस किलोच्या मुलालाही वारा बराच अडवितो, पण त्याला पुढे रेटणारे वजन कमी असते. म्हणून ऐंशी किलोचा गृहस्थ सुसाट जातो आणि हलके मूल कधी कधी टोकापर्यंत पोहोचतच नाही. जाडजूड माणसालाच भीती, हा आमचा समज अगदी उलट निघाला. अर्थात जडांनाही मर्यादा असते, आणि ती पाळावीच लागते.

राहता राहिली त्या दुर्दैवी बातमीची गोष्ट. तेथे दोर तुटला नव्हता. ती तरुणी पडली ती दोराला अडकविले जाण्याच्या वेळी, उंच चौथऱ्यावरून. यावरून आम्ही मनाशी खूणगाठ बांधली की दोराकडे कमी आणि चौथऱ्याकडे अधिक पाहावयाचे. तेथे कठडा आहे काय? मूल चौथऱ्यावर चढताच त्याची कडी आधी पक्क्या आधाराला अडकवितात काय, आणि दुसरी कडी लागल्यावाचून पहिली सोडीत नाहीत ना? कड्यांना फिरवून बंद होणारे कुलूप आहे काय? एक कप्पी दगावली तर दुसरा आधार आहे काय? हे चार प्रश्न आम्ही कागदावर लिहून पालकांपुढे ठेवले. मागावरच्या पालकांनी ते सावकाश वाचले, अंगणातील प्रयोगाची हकिकत ऐकली आणि मुलीचे नाव लिहिले.

सापुतारा सुरतेहून दीडशे किलोमीटरांहून थोडा अधिक लांब आहे. वघई ओलांडली की डांगचा घाट सुरू होतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डांगचे रान घनदाट असले तरी ते पर्जन्यवन नव्हे. येथे पाऊस पुष्कळ, पण तो चार महिन्यांत कोसळून जातो व मग कोरडा काळ येतो. म्हणून साग, ऐन, खैर, बांबू अशी पाने गाळणारी झाडे येथे वाढतात. डिसेंबरात सागाची मोठी पाने तांबूस होऊन खडखडत असतात. पर्जन्यवनाचे छप्पर बारमाही बंद असते. डांगचे छप्पर हिवाळ्यापासून हळूहळू उघडू लागते. पूर्णा नदीकाठचे रान १९९० पासून अभयारण्य आहे, आणि शेजारच्या वांसदा राष्ट्रीय उद्यानाला तर १९७९ सालीच संरक्षण मिळाले. अंबिका व पूर्णा या नद्या याच डोंगरांतून पाणी घेऊन आपल्या दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर समुद्रास मिळतात.

पठारावरील झिपलाइनच्या ठिकाणी आम्ही प्रथम आमचे चार प्रश्न विचारले. तेथील तरुणांनी न कंटाळता प्रत्येक कडी दाखविली. एकाने हलक्या मुलांविषयी आपण होऊन सांगितले की समोरून वारा असला तर ती शेवटी अडकतात. तसे झाले तर घाबरू नये, आम्ही दोरावरून येऊन ओढून नेतो. प्रथम जावयाचे ते अर्थातच आम्ही. आमच्या मागे विद्यार्थ्यांची रांग होती, त्यामुळे भय दाखविण्याची सोय नव्हती. पाय चौथऱ्यावरून सुटले, कप्पीचा घर्र आवाज कानांत भरला आणि त्यानंतरचे आम्हांस काही आठवत नाही. दरी पाहिली काय म्हणाल तर आम्ही आमचे बूट पाहिले. पलीकडे पोहोचल्यावर मुलांना आम्ही पहिली गोष्ट काय सांगितली असेल? "फार वेगाने आलो!" मावसभावाची आठवण होऊन आम्ही मनातल्या मनात ओशाळलो.

सातवीतील ती मुलगी सोळाव्या क्रमांकावर निघाली. वजन एकतीस किलो. नियमात बसणारे, पण जेमतेम. तोवर दरीतून वारा वर येऊ लागला होता. ती छान सुटली, पोट ओलांडून चढाला लागली, टोकापासून आठदहा मीटरांवर तिचा वेग मेला, क्षणभर ती थांबली आणि उलटी घसरत दोराच्या पोटाशी येऊन राहिली. खाली दरी, वर आकाश आणि मध्ये आमच्या शाळेचा गणवेश! आमच्या हातापायांतील बळ गेले. गणित आम्हांस ठाऊक होते. कड्या आम्ही स्वतः तपासल्या होत्या. तरी त्या घटकेस आम्हांस आठवला तो मागच्या बाकावरून उठलेला तिचा बाप आणि त्याच्या सहीचा कागद.

"घाबरू नकोस गं!" आम्ही ओरडलो. आमचाच आवाज इतका कापत होता की मुले आमच्याकडे पाहू लागली.

तिकडून उत्तर आले नाही. टोकाकडील तरुणाने आपली कप्पी दोराला लावली, हाताहाताने दोर ओढीत तो तिच्याजवळ गेला, तिची कडी आपल्या कडीला जोडली आणि तिला घेऊन परतला. पाचसहा मिनिटे लागली असतील. ती चौथऱ्यावर उतरली तेव्हा आम्ही तिला पाणी दिले व बसविले. तिने पाणी बाजूस ठेवले.

"सर, घारीची पाठ बघितली," ती म्हणाली.

आम्हांस कळेना. मग ती भरभर सांगू लागली. आपण घार बघतो ती नेहमी खालून. तिचे पोट दिसते. तिथे ती माझ्या पायांच्या खाली उडत होती. पंख हलवतच नव्हती. तिची पाठ सगळी तपकिरी आहे, आणि मान वळवली तेव्हा उन्हात चमकली. आणि कड्याला आग्यामोहोळ लागलेले आहे, काळे, सुपाएवढे. इथून दिसत नाही. खाली एका घरातून धूर येत होता आणि कोणीतरी कोंबड्यांना बोलावीत होते, ते इतक्या वर ऐकू आले.

तिच्याआधी पलीकडे गेलेली पंधरा मुले भोवती उभी राहून ऐकत होती. त्यांच्यापैकी कोणालाही घार दिसली नव्हती. एका विद्यार्थ्याने त्या तरुणाला विचारले, "दादा, मला मध्ये थांबवता येईल का?" तसे करता येत नाही, असे त्याने सांगितले.

सुरतेस रात्री दहा वाजता बस पोहोचली. पालक शाळेच्या फाटकापाशी उभे होते. त्या मुलीच्या वडिलांस झाला प्रकार आम्हीच प्रथम सांगितला. लपविण्यासारखे काही नव्हते, तरी सांगताना जीभ अडखळली. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे ढील होती," ते म्हणाले, आणि मुलीची पिशवी खांद्यावर घेतली. ती केव्हाची घारीविषयी सांगू लागली होती.